चिंचेला टांगलेलं खोगीर

जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर लोंबकळत मला अकरा मिनिटं झाली होती आणि उजव्या मांडीला मुंग्या यायला लागल्या होत्या. डोक्यावर मावशीच्या वाडीतली जुनी चिंच, खाली पालापाचोळा, आणि समोर पायरीवर बसून हे सगळं बघणारी चार-पाच माणसं. त्यात एक शेजारचे काका. वय साठीच्या पुढे, आयुष्य माडांवर गेलेलं. तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "पोरा, तू वर बसायला चाललायस की काम करायला?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण नेमका होता. उत्तर असं की काम करायचं तर आधी बसता आलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईच्या बोटीत चढलो, तेव्हा माझ्या पोत्यात दोर होते, करवत होती आणि तीन सॅडल होत्या. सॅडल म्हणजे झाडावर दोरीने चढणाऱ्याची कमरेची आणि मांड्यांची बैठक. मराठीत तिला खोगीरच म्हणायला हवं, फक्त इथे ते घोड्याला नाही, स्वाराला बांधतात. तिन्ही उसन्या होत्या. झाडं छाटायचं काम करणाऱ्या दोघा मित्रांनी अट घालून दिल्या होत्या: घाम पुसून परत कर.

चिंचेची एक जाड फांदी मावशीच्या कौलांवर झुकली होती. मुंबईत झाड तोडायचं असो की नुसतं छाटायचं, १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमामुळे महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. ती मिळाली होती. पाऊस यायच्या आत काम उरकायचं होतं, कारण एकदा बगळ्यांनी घरटी घातली की चिंचेला हात लावायचा नाही, असा मावशीचा स्वतंत्र कायदा आहे.

मी डोंगरातून झाडावर आलो. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या कुणाच्याही घरी एक हार्नेस असतोच, तसा माझ्याकडेही होता. पहिलं वर्ष तोच घालून झाडावर चढलो आणि दर वेळी मांड्यांवर लाल वळ घेऊन घरी आलो. हार्नेसची चूक नव्हती. कातळावर माणूस आपल्या हातापायांवर असतो. हार्नेस असतो तो माणूस पडला तर झेलण्यासाठी. टांगून राहायची वेळ आली तरी ती थोडाच वेळ. झाडावर उलटं असतं. पूर्ण वजन दोरीवर सोडून दोन-दोन तास काम करायचं, मधूनच आडवं व्हायचं, एका पायावर फांदी ढकलायची. डोंगरातल्या अरुंद पट्ट्या त्यासाठी शिवलेल्याच नसतात.

दुसरी चूक पैसे देऊन केली. नागदेवी स्ट्रीटच्या एका दुकानात "उंचीवरच्या कामाचा बेल्ट" मागितला आणि दुकानदाराने इमारतीच्या परांचीवर वापरतात तो अंगभर पट्ट्यांचा हार्नेस काढून दिला. आयएस ३५२१ मानकाचा शिक्का होता, शिवण पक्की होती, तक्रारीला जागा नव्हती. पण त्याची मुख्य कडी पाठीवर. माणूस पडला तर त्याला पाठीमागून धरावं, हे त्याचं काम. मी तो घालून फांदीला टांगून घेतलं, तर खाटकाच्या दुकानातल्या बोकडासारखा तोंड खाली करून लोंबलो. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. तो हार्नेस आता पाण्याच्या टाकीवर चढणाऱ्या शेजाऱ्याकडे आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

झाडाच्या सॅडलचा सगळा खेळ पुढच्या बाजूला असतो. कमरेचा रुंद पट्टा, दोन मांड्यांचे पट्टे, कमरेच्या दोन्ही बाजूंना, थोड्या पुढे, दोन कड्या आणि त्या कड्यांना जोडणारा, पोटासमोर ढिला सुटलेला दोरीचा तुकडा. त्याला ब्रिज म्हणतात. वरून आलेला दोर या ब्रिजला अडकतो आणि त्यावर इकडून तिकडे सरकतो. म्हणून चढणारा डावीकडे वळला तरी सॅडल त्याला मागे ओढत नाही. पट्ट्यावर ईएन ८१३ हे मानक लिहिलेलं असेल तर ती बसण्यासाठीची आहे एवढं कळतं. पण तुमच्या हाडांना ती मानवेल का, हे कुठल्याच शिक्क्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठीच चिंचेला टांगून घ्यायचं.

पहिली सॅडल दिसायला सगळ्यात देखणी. दोन बोटं जाड गादी, आत जाळी, बाहेर चकचकीत कापड. उभ्याने घातली तेव्हा वाटलं, हीच. टांगून घेतल्यावर पाच मिनिटांत गादी एका कडेने दुमडली, पट्ट्याची धार मांडीच्या आतल्या बाजूला रुतली आणि कमरेच्या दोन्ही बाजू चिमट्यात धरल्यासारख्या आत दाबल्या गेल्या. वजन पडलं की बाजूच्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि मधे कंबर सापडते. गादी कितीही जाड असली तरी हा दाब ती अडवत नाही. शिवाय मे महिना. गोराईची दमट हवा, आणि जाड गादी घाम पिऊन फुगलेली. आपल्या पूर्वजांनी 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरण्यासाठी का वापरला, ते मला त्या अकराव्या मिनिटाला कळलं.

दुसरीत मांड्यांच्या पट्ट्यांऐवजी खाली फळी होती. ही जुनी पद्धत. जहाजाच्या डोलकाठीला रंग द्यायला खलाशी दोरीला बांधलेल्या फळीवर बसत, त्याच बैठकीची ही वंशज. फळी दोन्ही दोऱ्यांना लांब ठेवते, त्यामुळे कंबर दाबली जात नाही. बसल्यावर झोपाळ्याचं सुख. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, कुठे काही दुखेना. मावशीने चहा दिला तो तसाच लोंबकळत प्यायलो. मग खालच्या फांदीवर उभा राहून चालून पाहिलं, आणि फळी मांडीच्या मागे ठकठक लागायला लागली. वळलो तर बुंध्याला अडकली. नुसतं लटकून करायच्या कामाला ही राणी आहे, पण चिंचेसारख्या पसरलेल्या झाडावर निम्मा वेळ माणूस फांदीवर चालत असतो.

तिसरीकडे मी आधी बघितलंही नव्हतं. मळकट, पातळ, गादी नावाला. पण मांड्यांचे पट्टे चार बोटांहून रुंद आणि कडक. वजन पडलं तरी दुमडत नव्हते. पहिल्यांदा हीसुद्धा टोचली. तेव्हा काका पायरीवरून उठले, माझ्या कमरेजवळ आले आणि पट्टा आणि हाड यांच्यामध्ये अंगठा खुपसून म्हणाले, "हाडावर बसलाय तो. वर घे." माडावर चढणाऱ्याने आयुष्यात सॅडल घातली नव्हती, पण दोर अंगाला कुठे लागतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घेऊन आवळला, मांड्यांचे पट्टे जांघेपासून खाली, मांडीच्या मध्याकडे सरकवले. सगळं वजन आपोआप मांड्यांवर गेलं आणि कंबर मोकळी झाली.

मग ब्रिज. तो लांब ठेवला की माणूस मागे रेलतो, आरामात बसतो, पण दोरावरची गाठ हातापासून दूर जाते आणि दर वेळी ताणून धरावं लागतं. आखूड ठेवला की गाठ छातीशी येते, चढायला सोपं, पण बसल्यावर पोट आवळतं. माझ्यासाठी खूण अशी ठरली: आरामात बसलेलं असताना कोपर थोडं वाकवून हात गाठीपर्यंत पोचला पाहिजे. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाठीच्याच गोतातली ही गाठ. वजन पडलं की दोर घट्ट पकडते, हाताने सोडवली की सरकते. हात पोचला नाही तर सॅडल कितीही मऊ असो, खांदा भरून येणारच.

तिसरीत अर्धा तास काढला. मधूनमधून पाय हलवत होतो, दोरीच्या एका फासात पाऊल घालून उभा राहत होतो. यात हयगय चालत नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं तर पायातलं रक्त पायातच साचतं, हृदयाकडे परत येत नाही, आणि धडधाकट माणसाचीही शुद्ध हरपू शकते. तिथून ते जिवावर बेततं. म्हणून एकट्याने चढायचं नाही आणि खाली एक माणूस असा हवा की ज्याला आपल्याला उतरवता येईल. गंमत म्हणजे याच गोराईत विपश्यनेचा पॅगोडा आहे. त्या परंपरेत शिबिरार्थी तासभर न हलता बसण्याचं अधिष्ठान करतात. चिंचेला टांगलेल्याने नेमकं तेच करायचं नाही.

तासन्‌तास वर बसायची वेळ फक्त छाटणाऱ्यांवर येते असं नाही. पश्चिम घाटात कळक्काड-मुंडनथुराईच्या जंगलात सौभद्रा देवी आणि टी. गणेश यांनी दोरीवरून वर जाऊन झाडांच्या शेंड्यांवरच्या जीवनाचा अभ्यास केला आहे. तिकडे अमेरिकेत १९८३ मध्ये पीटर जेन्किन्स यांनी अटलांटात निव्वळ हौसेने झाडावर चढणाऱ्यांची संस्था काढली. हौशी माणसाला तर बैठक अधिकच सुखाची लागते, कारण त्याला कुणी मजुरी देत नाही.

काकांना मी आग्रहाने तिसरीत बसवलं. ते बसले, दोनदा झोके घेतले, दोन्ही हात सोडून बघितले. "हात मोकळे राहतात, हे बरं," म्हणाले. मग समोरच्या माडाकडे बोट दाखवून विचारलं, "त्याच्यावर दोर कशाला टाकणार?" माडाला फांदी नाही. आधाराला वर काही नाही, आणि झावळीचा तर भरवसाच नाही. पायात काथ्याचं कडं, हाताची मिठी आणि कमरेला खोचलेला कोयता, एवढ्यावर ते चाळीस फूट जातात. केरळात 'चेंबेरी' नावाचं लोखंडी यंत्र निघालं, त्यावर पाय ठेवून माणूस पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. नारळ विकास मंडळाने २०११ पासून त्याचं प्रशिक्षणही दिलं. काकांनी ते पाहिलेलं आहे. माड वर निमुळता होत जातो, दर थोड्या अंतरावर ते आवळावं लागतं, एवढाच त्यांचा शेरा. मी त्यांना बुंध्याभोवती फिरवायचा दोर, म्हणजे लॅनयार्ड, कमरेच्या बाजूच्या कड्यांना अडकवून दाखवला. माडावर सॅडलचा उपयोग तेवढाच, शेंड्याखाली पोचल्यावर मागे रेलून दोन्ही हात सोडण्यापुरता. ते काही बोलले नाहीत, पण लॅनयार्डची पकड दोनदा ओढून तपासली.

दुपारी तिसरी घालून वर गेलो. दोन तास चाळीस मिनिटं लागली. लाल मुंगळे चावले, भुसा घामात भिजून पट्ट्यांना चिकटला, करवत डावीकडे लटकवल्यामुळे कमरेचा पट्टा त्या बाजूला ओढला जात होता म्हणून मध्येच पाण्याची बाटली उजवीकडे अडकवली. कौलांवरची फांदी तीन तुकड्यांत, दोरीला बांधून, एकही कौल न फोडता खाली गेली. या सगळ्यात सॅडलची आठवण मला फक्त एकदा झाली, ती बाटली अडकवताना. उतरल्यावर काकांनी त्यांची परीक्षा घेतली: "चाल." चाललो. पाय बधिर नव्हते. "मग ठीक आहे."

खाऱ्या हवेत एक काम वाढतं. संध्याकाळी सॅडल साध्या पाण्यात बुडवून काढायची, सावलीत वाळवायची, कड्यांवर पांढरा गंज धरतोय का बघायचं, प्रत्येक शिवण बोटाने चाचपायची. उन्हात टाकली की धागा मरतो. चांगल्या कंपन्या कापडी सामानाला जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात. समुद्राकाठी त्याच्या आतच नवी घ्यायची तयारी ठेवावी. आणि जुनी विकायची नाही, कापून टाकायची.

तुम्ही सॅडल घेणार असाल तर तोलायला, दाबून बघायला, आरशात बघायला वेळ घालवू नका. दुकानदाराला टांगून घ्यायला आकडा आहे का विचारा. असेल तर करवत, बाटली, सगळं सामान कमरेला लावून अर्धा तास टांगून घ्या, पाय हलवत राहा, आणि उतरल्यावर लगेच चालून बघा. नसेल तर पिशवी उचला आणि दुसरं दुकान शोधा.