तोच प्रयोग, पुन्हा

पुनरावृत्ती अभ्यास: आधीचे संशोधन नव्या मुलांवर, नव्या ठिकाणी पुन्हा करून पाहणे.

प्रकार: तंतोतंत (पद्धत सगळी तीच), अंशतः (एखादा घटक बदलून), संकल्पनात्मक (प्रश्न तोच, पद्धत वेगळी).

मुंबईचा धडा: ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी प्रयोग, 2001 ते 2003, मुंबई आणि वडोदरा. मागे पडलेली 15-20 मुले रोज दोन तास वस्तीतल्या प्रशिक्षित तरुणीकडे. निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध. संशोधकांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो (2019चे नोबेल).

पुढे: तेच तत्त्व, म्हणजे मुलांना त्यांच्या पातळीनुसार शिकवणे, उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणात तपासले. बिहारच्या शाळांत नुसते साहित्य, प्रशिक्षण पुरले नाही. स्वयंसेवक आले तेव्हा वाचन सुधारले. हरियाणात 2012-13 मध्ये शिक्षकांनीच इयत्ता सोडून पातळीनुसार गट केले. हिंदी वाचन सुधारले, गणित मात्र जागच्या जागी.

मोजायचे कसे? ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाची वाचन-पातळी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पहिले सर्वेक्षण 2005. फक्त ग्रामीण जिल्हे, म्हणजे सिंधुदुर्ग आहे, मुंबई नाही.

सिंधुदुर्गातल्या मिठबाव गावात हा प्रयोग केला तर? घरी मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. भाषेचा घटक बदलला, म्हणून पुनरावृत्ती अंशतः. मूल ‘खंय’ म्हणते, धड्यात ‘कुठे’ असते. चाचणीत दोन्हींची नोंद वेगळी हवी.