जुन्या मोटारीचा पट्टा : रूप आणि बळ



कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने हौशी लोकांच्या जुन्या मोटारींविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमच्या दारात मोटार कधी उभी राहिली नाही, आणि शाळेशी आमचा संबंध सातवीतच संपला. परंतु लोखंड घडवणारे, डाय बनवणारे, शिवणयंत्रावर बसणारे यांच्यात आमचे दिवस गेले. आणि आजचा विषय त्यांच्याच हातचा आहे. मोटारीत बसणाऱ्याला आसनाशी बांधून ठेवणारा पट्टा हा तो विषय. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचा पट्टा झिजला, त्याचे बकल मोडले, तर तसेच दुसरे कोठे शोधायचे, आणि मिळाले नाही तर नवे कसे करायचे, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण चुकला तर माणूस जातो.

प्रथम पट्ट्याचे काम पाहू. ताशी 50 किलोमीटर वेगाने मोटार भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखेच आहे. मोटार थांबते; आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. सत्तर किलोंच्या माणसाला अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचे, तर सरासरी साडेतेराशे किलोंच्या आसपास भार पट्ट्यावर पडतो. दोन बोटे रुंदीचे कापड, एक बकल, बकलात शिरणारी पोलादी जीभ आणि तळाला जखडणारे बोल्ट, एवढ्यांनी मिळून हा भार डोळ्याचे पाते लवण्याआत पेलायचा असतो.

विमानांत पट्टे पूर्वीपासून होते. मोटारींत ते 1950 नंतरच्या दशकात तुरळक दिसू लागले, तेही बहुधा कमरेपुरते. नील्स बोलीन हे अभियंते 1958 साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत आले. त्याआधी साब कंपनीत, संकटसमयी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर ते काम करीत होते. कमर आणि छाती दोन्ही धरणारा, तीन ठिकाणी जखडलेला, आणि एका हाताने लावता येणारा पट्टा त्यांनी तयार केला. 1959 च्या ऑगस्टमध्ये असा पट्टा बसवलेली पहिली मोटार स्वीडनमध्ये विक्रीस गेली. कंपनीपाशी पेटंट होते. तरीही इतर कारखानदारांना तो पट्टा वापरण्यास तिने मोकळीक दिली. मालकवर्गाची स्तुती करण्याची आम्हांस सवय नाही, पण ही गोष्ट स्तुतीला पात्र आहे.

पुढे पट्टे बनवणारे अनेक झाले, आणि प्रत्येकाचे बकल निराळे निघाले. ब्रिटनमधील कांगोलचे उदाहरण घ्या. 1938 साली क्लीटर या गावी टोप्यांसाठी निघालेला हा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांना बेरे टोप्या पुरवल्या. आणि साठीच्या दशकात त्याच नावाचे मोटारीचे पट्टे बाजारात होते. त्यांतील एका जातीच्या बकलात लोहचुंबक असे. अमेरिकेत बकलाच्या बटणावर मोटार कंपनीचे चिन्ह उमटवीत. आणि पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर बनवणाऱ्याचे नाव, नमुना आणि सन छापणे तेथील 1967 च्या मानकाने आवश्यक ठरवले. आजचा हौशी मालक शोधतो ते हेच बटण आणि हीच चिठ्ठी.

हे भाग दुर्मिळ का झाले? नमुना बंद पडला की डाय भंगारात जातात आणि त्या चालवणारे हात दुसऱ्या कामाला लागतात, हे पहिले कारण. दुसरे असे की, पट्टा ही झिजून संपणारी वस्तू आहे. ऊन तिला खाते, दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि मोठ्या अपघातात एकदा ताण बसला की ती टाकूनच द्यावी लागते. तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. पट्टा बांधण्याची सक्ती पुष्कळ उशिरा आली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ती 1970 साली, आणि ब्रिटनमध्ये, पुढच्या आसनांपुरती, 1983 साली. तोवर कित्येकांनी पट्टे आसनाखाली कोंबले, नाही तर कापून फेकले.

शोधणारे मोठ्या चिकाटीचे असतात. इंग्लंडमध्ये ब्यूली येथे 1967 पासून सुट्या भागांची जत्रा भरते. अमेरिकेत हर्शी गावी दर शरद ऋतूत तसाच बाजार लागतो. मोडीत निघालेल्या मोटारींचे वाडे तर सर्वत्र आहेत. जाणकार तेथे आधी चिठ्ठी वाचतो. पट्ट्यावरील तारीख मोटारीच्या जन्माच्या किंचित आधीची हवी. नंतरची असेल तर तो पट्टा दुसऱ्या गाडीचा. मग तो कडांवरचे धागे पाहतो, बटण दाबून स्प्रिंग पाहतो. पट्टा गुंडाळणारे रीळ असेल तर झटका देऊन ते अडकते का ते पाहतो. अनेक रिळांत गाडीचा झटका ओळखणारा लोलक किंवा गोळी असते. असे रीळ ज्या कोनात बसवण्यासाठी घडवले, त्याच कोनात बसले पाहिजे. कोन चुकला तर ते उभ्या गाडीतही अडकून बसते, किंवा हवे तेव्हा अडकत नाही.

येथवर सर्व ठीक. पण खरी अडचण यानंतरची आहे, आणि ती नीट समजून घ्यावी अशी आमची विनंती आहे. जुना पट्टा बळकट आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. अमेरिकन मानकाप्रमाणे केवळ कमरेच्या पट्ट्याच्या कापडाने 6,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,700 किलो, ताण सोसला पाहिजे. तो सोसतो का हे यंत्रात घालून, तुटेपर्यंत ओढूनच कळते; आणि तुटला की पट्टा उरत नाही. ज्याच्यापाशी एकच पट्टा आहे, तो त्याची परीक्षा घेऊच शकत नाही. नव्याने शंभर पट्टे केले, तर त्यांतील काही तोडून बाकीच्यांची हमी देता येते. वस्तू जितकी दुर्मिळ, तितका तिच्यावरचा विश्वास आंधळा. खोक्यात न वापरता पडून राहिलेल्या पट्ट्यालाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून नवनिर्मिती करताना पट्ट्याचे दोन वाटे करावेत : एक रूपाचा, दुसरा बळाचा. बटण, त्यावरचे चिन्ह, बकलाचे झाकण, प्लॅस्टिकची आवरणे हा रूपाचा वाटा. मूळ तुकड्यावरून रबराचा साचा घ्यावा, त्यात रेझीन ओतावे, किंवा संगणकावर माप घेऊन छपाईयंत्राने तो घडवावा; येथे कारागिराने आपले सारे कसब दाखवावे. कापड, शिवण, जीभ, बकलातील खटका, रीळ आणि बोल्ट हा बळाचा वाटा. हे जुने वापरू नयेत आणि घरी बनवू नयेत. जुन्या रंगाचे, जुन्या विणीचे दिसणारे पण आजच्या पॉलिएस्टरचे नवे कापड घ्यावे. शिवण पट्टे बनवणाऱ्या कारखान्यातच, ठरल्या टाक्यांची आणि ठरल्या धाग्याची व्हावी. चांभाराच्या दुकानात नव्हे. आमच्या चर्मकार बांधवांच्या हाताविषयी आम्हांस आदरच आहे. पण त्यांच्यापाशी ताण मोजण्याचे यंत्र नाही.

चकाकीचाही एक धोका सांगतो. जुन्या बकलाचे क्रोम उडाले की मालक ते मुलाम्यासाठी देतो. जीभ आणि खटका हे पाणी दिलेल्या, कठीण पोलादाचे असतात. आम्लात धुताना आणि मुलामा चढवताना हायड्रोजन वायू अशा पोलादात शिरतो व त्याला ठिसूळ करतो. कामानंतर लगेच ते भट्टीत, दोनशे अंशांच्या आसपास, काही तास तापवावे लागते. साधा मुलामेवाला हे करीत नाही, कारण त्याला त्या तुकड्याचे काम कोणी सांगितलेलेच नसते. भाग आरशासारखा चमकतो आणि भार येताच काचेसारखा तडकतो.

आता चिठ्ठीविषयी. जुन्या तारखेच्या, जुन्या नावाच्या चिठ्ठ्या हल्ली नव्याने छापून मिळतात. येथे आमच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुणपणी आम्ही एका कारखान्यात प्रेसवर होतो. तेथील चेनपुलीचा हूक बदलला गेला. घडीव पोलादाच्या जागी ओतीव हूक आला. रंग तोच, आणि भाराचा आकडाही तोच उठवलेला. तेव्हाच्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 प्रमाणे असे साधन बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीने तपासायचे असे. दाखला फायलीत होता. पण तो जुन्या हुकाचा, तारीख बदलून लिहिलेला. एके दिवशी पाळी संपता संपता डाय उचलताना हूक तुटला, आणि आमच्या शेजारच्या सोबत्याचा पाय घोट्यापासून गेला. त्या आधी महिनाभर आम्हीही त्याच हुकाखाली निश्चिंत उभे राहत होतो, कारण आकडा वाचता येत होता. त्या दिवसापासून वाचता येणे आणि खरे असणे यांतला भेद आम्ही विसरलो नाही. प्रदर्शनातील गाडीला जुनी चिठ्ठी शोभेल; परंतु नव्या पट्ट्यावर तो कोणी, केव्हा बनवला आणि कोणत्या मानकाने तपासला हे खरेखुरे लिहिलेलेच पाहिजे. शोभेची चिठ्ठी लावायचीच असेल तर ती त्याच्या शेजारी लावावी, त्याच्या जागी नव्हे.

हे सारे एकट्या मालकाला परवडणार नाही. एका बकलासाठी कोणी डाय करीत नाही आणि एका गाडीसाठी कोणी माग लावीत नाही. पण एकाच नमुन्याचे पन्नास मालक एकत्र आले, तर शंभर पट्ट्यांची मागणी होते, डायचा खर्च वाटला जातो, आणि तोडून पाहण्यासाठी दहा पट्टे बाजूला काढता येतात. संघटना कशासाठी असते, हे आम्ही गेटसभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. जुन्या मोटारवाल्यांनाही तेच लागू पडावे याची आम्हांस मौज वाटते.

आपल्याकडेही हा प्रश्न आता दारात आला आहे. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची निराळी नोंदणी सुरू झाली आहे. कुर्ल्यात बनलेल्या साठीच्या दशकातल्या फियाटमध्ये तर पट्टे नव्हतेच. तेथे नव्याने बसवायचे म्हणजे बोल्टासाठी जागाही करावी लागते. गंजलेल्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला, तर पट्टा शाबूत राहतो आणि पत्राच फाटून येतो. त्यासाठी खालून जाड पोलादी पट्टी देऊन, जाणत्या माणसाकडूनच ते काम करून घ्यावे.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांना आम्ही वेडे म्हणत नाही. मेलेल्या कारखान्यातील कामगारांच्या हातची कारागिरी ते सांभाळतात, हे आमच्यावरही उपकार आहेत. एवढेच सांगणे की, रूप जुने ठेवा, बळ नवे घ्या, आणि ते मोजून घ्या. आत बसणाऱ्या माणसाचा सुटा भाग कोणत्याच जत्रेत मिळत नाही.