दुधाची दाढ पडणारच, मग कशाला बघायची?

मागे आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी तातडीचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर मुलाची दाढ. पोरगा सहा वर्षांचा. गाल सुजलेला, अंगात ताप, दोन रात्री घरात कुणाला झोप नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. "दुधाचे दात, पडतीलच म्हणून लक्ष दिलं नाही," ताई म्हणाल्या. आम्ही त्यांना काय बोलणार? आमच्यातल्या बहुतेकींनी हेच केलंय.

पुढचे दात सहा-सात वर्षांनी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर पोरानं भाकरी चावायची कशानं? शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा हीच दाढ राखून ठेवते. ती लवकर गेली की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

आपल्याकडे अजून रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडतात. दातात किडा नसतोच, बायांनो. तोंडातले जंतू गोडावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दाताच्या वरच्या कठीण थरातलं खनिज विरघळतं. आपली लाळ ते परत भरत असते. पण पोर दिवसभर चहा-बिस्कीट, गोळ्या खात राहिलं, किंवा साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलं, तर लाळेला उसंतच मिळत नाही.

म्हणून बघायचं ते काळं भोक पडायच्या आधी. पोराचा वरचा ओठ उचला, स्वच्छ फडक्यानं दात पुसा आणि उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली की समजा, कीड सुरू झाली. अजून भोक नाही, दुखत नाही, आणि इथूनच ती थांबवता येते. डॉक्टर दाताला फ्लोराईडचा लेप लावतात. काही मिनिटांचं काम. सुई नाही, मशीन नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा लावून घ्यावा लागतो. घरी फ्लोराईडची पेस्ट दोनदा, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्याला वाटाण्याएवढी. मिश्री मात्र नको, पोराला नको आणि आपल्यालाही नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. तिथल्या मैत्रिणींनी डॉक्टरांना ते आधी सांगावं.

लहानसं भोक पडलं असेल तरी उपाय आहे. 1980च्या दशकात टांझानियात, जिथं दवाखान्यात वीज नव्हती, तिथं डॉक्टरांनी हाताच्या हत्यारानं मऊ कीड खरवडून सिमेंट भरायची पद्धत बसवली. ती आता जगभर वापरतात, लहान मुलांसाठी तर फारच सोयीची.

त्या ताईंना आम्ही सरकारी दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. दारातच त्या थबकल्या. "शिकाऊ पोरं माझ्या लेकरावर हात साफ करणार!" भीती आम्हालाही होती, खोटं कशाला बोला. पण तिथल्या मॅडमनी आत नेऊन दाखवलं. बी.डी.एस.ची मुलं आधी डोक्याच्या आकाराच्या पुतळ्यात बसवलेल्या नकली दातांवर आणि काढलेल्या खऱ्या दातांवर कोरणं-भरणं शिकतात. पेशंट मिळतो तो त्यानंतर. तेव्हाही कीड काढून झाली की शिक्षक येऊन बघतात, मगच सिमेंट भरायचं. नीट जमलं नाही तर पुन्हा करायला लावतात. वेळ मात्र जातो, दिवस मोडतो. पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा खूपच कमी.

मुलाची सुजलेली दाढ वाचली नाही, काढावीच लागली. शेजारच्या दाढेतलं भोक एका विद्यार्थिनीनं भरलं, गोष्ट सांगत सांगत. ताईंची तीन वर्षांची धाकटी कडेवर होती. त्याच मुलीनं सहज तिचाही ओठ उचलला, तर पांढरी रेघ! तिथल्या तिथं लेप लावून झाला. ताई परत येताना एसटीत म्हणाल्या, हिचं कर्ज वाचलं.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. लांब पडत असेल तर अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या तपासणीत दातही येतात. पथक आलं की "दात बघा" असं आपण होऊन सांगायचं. आमच्या गटानं आता दर तिसऱ्या बैठकीला पोरांना घेऊन यायचं ठरवलंय. टॉर्च अध्यक्षांच्या घरून येते.