चौदा रात्रींचा पंधरवडा

समजा, लंडन येथे शिक्षणासाठी गेलेल्या एका तरुणाने आपल्या घरी इंग्रजीत निरोप धाडला : ‘आज सोमवार. आजपासून एका फॉर्टनाइटने मी घरी पोहोचेन.’ धाकट्या भावाने शब्दकोश उघडला. ‘फॉर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा, असा अर्थ त्यात दिलेला होता. त्याने लगेच आजच्या तारखेत पंधरा मिळवले आणि आईला सांगितले, “दादा मंगळवारी येणार.” मंगळवारी विमानतळावर जाण्याची सारी सिद्धता झाली, पण थोरले बंधू सोमवारीच येऊन दाखल झाले. त्यांना उतरवून घ्यावयास तेथे कोणीही नव्हते !

यात चूक कोणाची ? शब्दकोशाचा अर्थ खोटा नव्हता. धाकट्या भावाची बेरीजही चुकली नव्हती. चुकले ते एवढेच की, त्या शब्दामागे दडलेली मोजण्याची रीत त्याला ठाऊक नव्हती. काळ डोळ्यांना दिसत नाही आणि हातात धरता येत नाही. म्हणून प्रत्येक समाजाने आपापल्या परीने त्याला मापे लावली आणि त्या मापांची खूण आपल्या शब्दांत ठेवून दिली. इंग्रजी भाषेतील कालवाचक शब्द थोडे उकलून पाहिले, तर या खुणा स्पष्ट दिसू लागतात.

‘फॉर्टनाइट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या दोन शब्दांच्या मिलाफाने झाला आहे. पूर्वी इंग्रजीत ‘सेनाइट’ असाही एक शब्द होता. त्याचा अर्थ सात रात्री, म्हणजे एक आठवडा. तो आता प्रचारातून गेला. परंतु त्याचा हा थोरला भाऊ मात्र टिकून राहिला. येथे दिवसांऐवजी रात्री का मोजल्या, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांचे वर्णन लिहिले. हे लोक दिवस न मोजता रात्री मोजतात, असे त्याने त्यात नमूद केले आहे. इंग्रजी भाषा घेऊन जे लोक पुढे ब्रिटनमध्ये गेले, ते याच टोळ्यांच्या कुळातले होते. त्यांची ती रीत केव्हाच मागे पडली. पण तिची आठवण एका शब्दात मुक्कामाला राहिली.

आता मराठीकडे वळू. सप्ताहात दिवस सात. मग आपण त्याला ‘आठवडा’ का म्हणतो? सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बोटांवर मोजून पाहावे. दोन्ही सोमवार गणनेत धरले, तर आठ दिवस भरतात. त्याच रीतीने एका सोमवारपासून तिसऱ्या सोमवारपर्यंत मोजले, तर पंधरा दिवस होतात. फ्रेंच लोकही एका आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ असेच म्हणतात. इंग्रज मात्र दोन सोमवारांच्या मधल्या रात्री मोजतो. त्या चौदाच होतात. कुंपणाचे खांब पंधरा असले, तर त्यांमधली अंतरे चौदाच असावयाची. कोणी खांब मोजतो, कोणी अंतरे मोजतो. कुंपण मात्र एकच! धाकट्या भावाने खांबांचा आकडा घेतला आणि तितकी अंतरे चालून गेला. म्हणूनच तो एक दिवस पुढे निघून गेला.

मराठी पंधरवड्याला आणखी एक आधार आहे, तो चंद्राचा. शुद्ध आणि वद्य अशा प्रत्येक पक्षात पंधरा तिथी असतात. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. त्याचे अर्ध केले, तर पावणेपंधरा दिवसांच्या आसपास येते. म्हणजे आकाशातील पंधरवडा चौदापेक्षा थोडा मोठा आणि पंधरापेक्षा थोडा लहान असतो. इंग्रजीनेही चंद्राचे हे ऋण मानले आहे. महिन्याला इंग्रजीत ‘मंथ’ म्हणतात आणि चंद्राला ‘मून’. हे दोन्ही शब्द आणि संस्कृतातील ‘मास’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. शब्दांची अशी नाती समुद्रांनाही जुमानीत नाहीत.

वर्षे मोजतानाही अशीच मौज दिसते. वीस या संख्येला इंग्रजीत ‘स्कोअर’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ काठीवर घातलेली खाच. मोजणी करताना प्रत्येक विसाला एक खाच पाडावयाची, अशी जुनी चाल होती. खेळातील गुणसंख्येला आज आपण जो ‘स्कोअर’ म्हणतो, तोही याच खाचेतून आला. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी 1863 साली गेटिसबर्ग येथे एक लहानसे भाषण केले. ते पुढे जगप्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी त्यांनी 1776 सालच्या स्वातंत्र्यघोषणेचे स्मरण केले, ते ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी’ असे म्हणून नव्हे, तर ‘चार विसा आणि सात वर्षांपूर्वी’ अशा जुन्या धाटणीने. आकडा तोच, परंतु जुन्या शब्दामुळे त्याला गांभीर्य आले. शंभर वर्षांना इंग्रजीत ‘सेंच्युरी’ म्हणतात आणि क्रिकेटमधील शंभर धावांनाही तोच शब्द चालतो. मराठीतील ‘शतक’ हा शब्दही ही दोन्ही कामे बिनतक्रार करतो.

लहान कालखंडांची नावे तर याहून बोलकी आहेत. साठाच्या पटीने भाग पाडण्याची रीत प्राचीन बाबिलोनच्या लोकांची. तासाच्या साठाव्या भागाला लॅटिन भाषेत ‘पहिला बारीक भाग’ असे म्हणत. त्यातील ‘बारीक’ या शब्दापासून ‘मिनिट’ तयार झाले. त्या बारीक भागाचे पुन्हा साठ भाग केले. तो ‘दुसरा बारीक भाग’. त्यातील ‘दुसरा’ या शब्दापासून ‘सेकंद’ झाला. सेकंदाला ‘दुसरा’ का म्हणावयाचे, हे कोडे असे सुटते. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण. आज त्याला निश्चित माप नाही. पण एके काळी ते होते. बीड नावाच्या इंग्लंडमधील एका विद्वान धर्मोपदेशकाने इ. स. 725 मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात एका तासाचे चाळीस ‘मोमेंट’ सांगितले आहेत. म्हणजे आपल्या घड्याळाने दीड मिनिट. ‘एक मिनिट थांबा’ असे म्हणून दहा मिनिटे ताटकळत ठेवणारी माणसे पाहिली, म्हणजे मिनिटाचीही पुढे हीच गत होणार की काय, असे वाटू लागते !

काही शब्द तर आपले मूळ माप पुरते विसरून गेले आहेत. ‘जर्नी’ हा प्रवासवाचक शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ एका दिवसाची वाटचाल. आता महिनाभराच्या प्रवासालाही तो लावतात. ‘क्वारंटीन’ हा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस दिवस’ या शब्दांपासून निघाला. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने हाहाकार उडवला. तेव्हा रागूसा या बंदराने 1377 साली साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिस येथे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि तेच नाव रूढ झाले. 2020 साली कोरोनाची साथ आली, तेव्हा भारतात हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु बहुधा मुदत असे ती चौदा दिवसांची. नाव चाळीस दिवसांचे आणि काळ एका फॉर्टनाइटचा !

शब्दांप्रमाणेच वाक्यातील लहान अव्ययेही काळ मोजण्याच्या कामी जपून वापरावी लागतात. मराठीत आपण ‘सोमवारपासून ताप आहे’ असे म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ असेही म्हणतो. ‘पासून’ दोन्हीकडे चालते. इंग्रजीत मात्र ही दोन कामे दोघांना वाटून दिली आहेत. काळाचा आरंभबिंदू सांगावयाचा असेल, तर ‘सिन्स’. काळाची लांबी सांगावयाची असेल, तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’ बरोबर आणि ‘फॉर थ्री डेज’ बरोबर; ‘सिन्स थ्री डेज’ मात्र चूक. मराठी विद्यार्थ्याच्या हातून ही चूक वारंवार घडते, याचे कारण त्याच्या मनातील ‘पासून’ हेच होय.

‘पर्यंत’ची गोष्टही अशीच आहे. ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक ठेवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक परत करा’ या वाक्यांत आपले क्रियापदच भेद स्पष्ट करते. इंग्रजी हा भेद अव्ययावर सोपवते : पहिल्या ठिकाणी ‘टिल फ्रायडे’, दुसऱ्या ठिकाणी ‘बाय फ्रायडे’. ‘इन’ या अव्ययाबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. ‘त्याने हे काम इन टू डेज पुरे केले’ याचा अर्थ दोन दिवसांत पुरे केले; परंतु ‘मी इन टू डेज येईन’ याचा अर्थ सामान्यतः दोन दिवसांनी येईन. ‘दोन दिवसांत’ येणाऱ्याची वाट उद्यापासूनच पाहावी लागते; ‘दोन दिवसांनी’ येणाऱ्याची नाही.

यावरून इंग्रजी फार काटेकोर आणि मराठी ढिली, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. इंग्रजीतील ‘बायवीकली’ हा शब्द आठवड्यातून दोनदा असाही अर्थ देतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. एखाद्या रुग्णाला औषध ‘बायवीकली’ घ्यावयास सांगितले, तर त्याने ते महिन्यात दोनदा घ्यावे की आठदा ? अशा वेळी जाणता इंग्रजही तो शब्द टाळतो आणि ‘दोन आठवड्यांतून एकदा’ असे उघड सांगतो. कोणतीही भाषा सर्वत्र निर्दोष नसते. म्हणून बोलणाऱ्यानेच जागरूक असावे लागते.

वचन देणे, मुदत ठरवणे, औषधाच्या वेळा सांगणे या सर्व व्यवहारांत एका शब्दाच्या भरवशावर दुसरा माणूस वाट पाहत असतो. शब्द ढिला पडला, तर त्याचा भुर्दंड त्या माणसाला सोसावा लागतो. तेव्हा शब्दाचा अर्थ पाहावा, त्यामागची मोजणी समजून घ्यावी आणि जेथे शंका उरेल, तेथे वार आणि तारीख स्पष्ट लिहावी. निरोपात ‘फॉर्टनाइट’च्या जोडीला त्या सोमवारची तारीखही असती, तर थोरल्या बंधूंना विमानतळावर एकट्याने उभे राहावे लागले नसते आणि त्यांच्या आईलाही त्यांना एक दिवस आधी पोटाशी धरता आले असते.