एकवेळच्या जेवणावर धावलेली कॅप्टन

29 ऑगस्ट 2020. कोरोनामुळे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा पहिल्यांदाच ऑनलाइन झाला. अर्जुन पुरस्काराच्या यादीत ईशांत शर्मा, दीप्ती शर्मा ही तुम्हाला पाठ असलेली क्रिकेटमधली नावं होती. त्याच यादीत आणखी एक नाव होतं, सारिका काळे. खेळ : खो-खो. गाव : तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. खो-खोला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी मिळत होता.

आपल्यापैकी बहुतेकांनी खो-खो शाळेत खेळलाय आणि शाळेतच सोडलाय. सारिकाने तो वयाच्या 13 व्या वर्षी धरला आणि सोडला नाही. पण एकदा सोडायच्या अगदी बेतात होती. तिची गोष्ट वाचायची ती त्या वळणासाठी.

खांब दोन, खर्च कमी

धाराशिव म्हटलं की बाहेरच्यांना तुळजाभवानी आठवते आणि त्यानंतर दुष्काळ. 2018 मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या, 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, त्यातही हा जिल्हा होता. अशा ठिकाणी मुलीने खेळायचं म्हटलं तर घरातला पहिला प्रश्न असतो, 'खर्च किती?' खो-खोचं उत्तर सोपं आहे. दोन खांब, चुन्याची फक्की आणि सपाट मैदान. रॅकेट नको, किट नको.

पण मैदान फुकट असलं तरी पळणाऱ्या पोटाला अन्न लागतं, आणि तिथेच सारिकाचं घर अडत होतं. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं काम करता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची. सगळं कुटुंब आजी-आजोबांच्या आधारावर होतं. अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर पीटीआय या वृत्तसंस्थेशी बोलताना सारिकाने सांगितलं होतं, की जवळपास दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवू शकत होती. शिबिराला किंवा स्पर्धेला गेली, की तेवढ्यापुरती जेवणाची सोय वेगळी असायची.

आता हे जरा थांबून वाचा. जिम लावली की आपण प्रोटीन मोजतो. खो-खोत सीनिअर गटाचा एक डाव नऊ मिनिटांचा असतो. बचाव करणाऱ्याला त्यात सारखं पळायचं, हुलकावणी द्यायची, खांबाला वळसा घालायचा. आक्रमणाला असलात तर एका क्षणी बसलेलं असायचं आणि 'खो' कानावर पडला की दुसऱ्याच क्षणी उसळायचं, वेळ आली तर सूर मारायचा. ती मुलगी हे सगळं एकवेळच्या जेवणावर करत होती.

घरच्यांनी मात्र तिला कधी अडवलं नाही, हेही तिने त्याच मुलाखतीत आवर्जून सांगितलं होतं. ग्रामीण भागातल्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

सुवर्णपदकाचं वर्ष

फेब्रुवारी 2016. गुवाहाटी आणि शिलाँगमध्ये बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. या स्पर्धेत खो-खोचा समावेश पहिल्यांदाच झाला होता. भारताच्या महिला टीमने सुवर्णपदक जिंकलं आणि त्या टीमची कॅप्टन होती सारिका.

सिनेमा असता तर इथे संपला असता. खऱ्या आयुष्यात 2016 हेच वर्ष तिला सगळ्यात जड गेलं. घरची आर्थिक ओढाताण इतकी वाढली, की तिने खेळ सोडायचं ठरवलं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी पुढे सांगितलं, की सारिकाने स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय हे त्यांना तिच्या आजीकडून कळलं. त्यांनी तिला समजावलं. ती मैदानावर परतली. तोच तिच्या करिअरचा टर्निंग पॉइंट ठरला, असं जाधव यांचं म्हणणं.

म्हणजे देशाचं कॅप्टनपद आणि 'आता बस झालं' हे दोन्ही एकाच वर्षात. खेळाडूच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल आपण बोलतो तेव्हा 'जिद्द' हा शब्द पटकन वापरतो. सारिकाकडे जिद्द होतीच. पण जिद्दीला घरचा किराणा भरता येत नाही. खेळाडू मैदानात राहण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात : वेळेवर दार ठोठावणारं कुणीतरी आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार. तिच्या बाबतीत आजीने निरोप दिला, सर आले. पगार त्यानंतर आला. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तिच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी होती.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मित्रांमध्ये त्यावरून कुरकुर ऐकू येते, 'खेळायचं आणि वर नोकरीपण?' पुढच्या वेळी हा वाद निघाला तर ती बंद खोली आठवा. अभ्यासाच्या वयातली दहा वर्षं मैदानावर दिलेल्या मुलीला खेळ थांबल्यावर विचारणारं कोण असतं?

पुढचा 'खो'

खो-खोत कितीही वेगाने पळालात तरी शेवटी पाठीमागून हात लावून पुढच्याला उठवावं लागतं. धाराशिवमध्ये तो 'खो' पोहोचलाय. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. 19 जानेवारीच्या फायनलमध्ये प्रियंका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं. या विजेत्या टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिका खेळायला लागली तेव्हा या खेळात वर्ल्ड कप नावाची गोष्टच नव्हती. आज धाराशिवच्या एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीसमोर अर्जुन पुरस्कार आहे आणि वर्ल्ड कपही आहे, आणि दोन्ही आणणाऱ्या मुली तिच्याच जिल्ह्यातल्या आहेत.

तुमच्याही कॉलेजच्या टीममध्ये अशी एखादी असेल. प्रॅक्टिसला सगळ्यात आधी येणारी, कॅन्टीनला मात्र 'भूक नाही' म्हणून न येणारी. ती चार दिवस दिसली नाही, तर 'कंटाळली असेल' म्हणून सोडून देऊ नका. तिच्या घरी जा, सरांना सांगा.

चौकट : मॅच बघायला जाताय?

• पारंपरिक खो-खोत आक्रमण करणाऱ्या टीमचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो.
• बचावाला एका वेळी तिघे येतात. तिघेही बाद झाले की पुढची तुकडी.
• पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधूनही जाता येत नाही. बचाव करणाऱ्याला दोन्हीची मुभा. म्हणून नुसता वेग कामाचा नाही, 'खो' नेमका कधी द्यायचा हे कळावं लागतं.