दोन ठिपक्यांमधला आवाज

गाणं ध्वनिमुद्रित झालं. गळा आणि वाद्यं यांचा मेळ बसवणारं मिक्सिंग झालं. शेवटचा हात फिरवायचा, ते मास्टरिंगही झालं. संगणकावरचा मीटर एकदाही लाल झाला नाही. आणि तरीही तेच गाणं घरी लावलं, की झांजेच्या ठोक्याला बारीक चरचर ऐकू येते. मग मीटर खोटं बोलला का? तसं नाही. त्यानं जेवढं पाहिलं, तेवढंच सांगितलं.

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची अखंड लाट साठवत नाहीत. तिची उंची ठरावीक अंतरानं मोजतात आणि ते आकडे साठवतात. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. एकेका मोजमापाला सॅम्पल म्हणतात. या आकड्यांना एक कमाल मर्यादा असते, तिला शून्य डेसिबल म्हणतात. लाट त्यापुढे गेली, की तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो.

आता झोपाळ्यावर बसलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. झोपाळा जाऊन परत येईपर्यंत आपण सारख्या अंतरानं चार फोटो काढले. ते असेही निघू शकतात, की एकाही फोटोत झोपाळा टोकाला नाही. चारही वेळा तो टोकापर्यंतच्या अंतराच्या ७१ टक्क्यांवरच दिसेल. फोटो खरेच आहेत, पण त्यांच्या भरवशावर मागे भिंत बांधली, तर मुलाची पाठ आपटेल. सीडीवर ११,०२५ हर्ट्झच्या सुराचं नेमकं हेच होऊ शकतं, कारण त्याच्या एका लाटेच्या वाट्याला चारच सॅम्पल येतात. मीटर शून्य दाखवतो, तेव्हा खरी लाट तीन डेसिबल वर असू शकते. प्लेअर त्या आकड्यांची पुन्हा लाट करायला जातो आणि तिला वर जागा उरत नाही. ती चरचर इथली.

यावर उपाय ओव्हरसॅम्पलिंगचा. संगणक दोन सॅम्पलच्या मधल्या उंची गणितानं काढतो. चारपट केलं, तर सेकंदाला १,७६,४०० आकडे मिळतात. हा अंदाजपंचे कारभार नव्हे. मूळ आवाजात २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही नसेल, तर त्या ठिपक्यांतून एकच लाट जाऊ शकते, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. लपलेले माथे आता बऱ्याच अंशी दिसू लागतात.

ते आवरण्याचं काम लिमिटरचं. येणारा आवाज तो काही सहस्रांश सेकंद रोखून धरतो आणि माथा येण्याआधीच पातळी खाली घेतो. नभोवाणीच्या प्रक्षेपकाला झेपेल एवढाच आवाज पुढे जावा, म्हणून त्याच्या आधीही लिमिटर बसवतात. म्हणजे हे यंत्र मुळात रक्षणासाठीचं.

पुढे मात्र त्याचा उपयोग गाणं मोठं वाजवण्यासाठी होऊ लागला. माथे दाबायचे आणि सगळंच वर उचलायचं. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा २००८ सालचा अल्बम. त्याची सीडी इतकी दाबलेली होती, की ढोलाचे ठोके फाटलेले ऐकू येत. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये मात्र मोकळी वाजत होती. श्रोत्यांनी दोन्ही ताडून पाहिली आणि पुन्हा मिक्सिंग व्हावं म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी सांगितलं, की मिक्स आपल्या हाती आले तेव्हाच दाबलेले होते. इथे ओव्हरसॅम्पलिंग काय करणार? ते लपलेला माथा दाखवतं, पण चिरडलेला ठोका परत आणून देत नाही.

सुदैवानं या चढाओढीतला फायदा आता बराच ओसरला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली आवाजाचा मोठेपणा कानाला जाणवतो तसा मोजण्याची पद्धत सुचवली आणि खरा माथा ओव्हरसॅम्पलिंगनं मोजायला सांगितलं. २०१० साली युरोपच्या प्रसारण संघानं त्यावर आपले नियम आखले आणि खऱ्या माथ्याची मर्यादा उणे एक डेसिबल ठेवली. स्पॉटिफायसारख्या सेवा तर मोठी गाणी आपण होऊन खाली आणतात. दाबलेलं गाणंही मग इतरांइतक्याच आवाजात वाजतं. त्याचा मोठेपणा जातो आणि सपाटपणा तेवढा उरतो.

आज अनेक तरुण घरच्या संगणकावरच मास्टरिंग करतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लिमिटरमधली खरा माथा पाहण्याची सोय चालू ठेवा आणि वर एक डेसिबल मोकळा सोडा. एमपीथ्री करताना माथे पुन्हा थोडे वर सरकतात, त्यांना ती जागा लागते. दुसरी गोष्ट, लिमिटर लावलेलं आणि न लावलेलं गाणं कानाला सारख्याच आवाजात ऐकू येईल, असं करून ताडून पाहा. मोठं वाजणारं गाणं कानाला नेहमीच बरं वाटतं. आवाज सारखा केल्यावरही ते बरं वाटलं, तरच लिमिटरनं गाण्याचं भलं केलं म्हणायचं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)