एका अपडेटची सहा कामे

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळ जागच्या जागी बदलत नाही. अपडेट आले की जुनी ओळ तशीच राहते आणि बदललेली आवृत्ती टेबलमध्ये दुसऱ्या जागी लिहिली जाते. जुनी ठेवायची ती त्याच वेळी टेबल वाचणाऱ्या इतरांसाठी, म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. सोय मोलाची, पण तिचे भाडे इंडेक्स भरतात.

इंडेक्सच्या नोंदीत कॉलममधले मूल्य आणि ओळीचा पत्ता असतो: 8 केबीच्या कोणत्या पेजवर, कितव्या जागी. समजा, ऑर्डरींच्या टेबलवर पाच इंडेक्स आहेत: ऑर्डर क्रमांक, ग्राहक, तारीख, शहर आणि स्थिती. एका ऑर्डरची स्थिती ‘पाठवली’वरून ‘पोचली’ झाली. ग्राहक तोच, शहर तेच. तरी पत्ता बदलल्यामुळे पाचही इंडेक्समध्ये नवी नोंद जाते. इंडेक्सचे पेज भरलेले असेल तर ते दुभंगते, आणि हे सारे लॉगमध्येही उतरते. 2016 साली उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाण्याची जी कारणे जाहीर केली, त्यांत लेखनाचा हा गुणाकार होता. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स पत्त्याऐवजी प्रायमरी की ठेवतात, त्यामुळे त्यांच्या कॉलमना धक्का लागला नाही तर त्यांना हात लावावा लागत नाही. बदल्यात शोधताना बहुधा दोन झाडे उतरावी लागतात.

पोस्टग्रेसचा स्वतःचा उतारा 2008 च्या 8.3 आवृत्तीत आला. त्याचे नाव ‘हॉट’. इंडेक्स जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहतो आणि तिथून साखळीने नवी ओळ सापडते. अटी दोन. नवी ओळ त्याच पेजमध्ये मावली पाहिजे. टेबलचा फिलफॅक्टर मुळात 100 असतो, तो 85-90 वर आणला तर नव्या पेजांत मोकळी जागा राहते. दुसरी अट कडक: बी-ट्रीसारख्या नेहमीच्या इंडेक्समधला एकही कॉलम बदललेला नसावा. वरच्या उदाहरणात एकट्या ‘स्थिती’पायी उरलेल्या चौघांनाही राबावे लागते. फक्त ‘प्रलंबित’ ऑर्डरींपुरता इंडेक्स केला तरी सुटका नाही, कारण अटीतला कॉलमही मोजला जातो. सगळ्यांत महाग सवय म्हणजे ‘शेवटचा बदल’ या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स टाकणे; तो तर प्रत्येक अपडेटला बदलतो.

2021 च्या 14 व्या आवृत्तीपासून बी-ट्रीचे पेज दुभंगण्याआधी त्यातल्या मेलेल्या आवृत्त्यांच्या नोंदी काढून पाहिल्या जातात. त्याने फुगवटा आटोक्यात राहतो, नव्या नोंदी मात्र चुकत नाहीत.

प्रत्येक टेबलवर एकूण अपडेट किती आणि त्यांतली हॉट किती, हे दोन्ही आकडे पोस्टग्रेस स्वतःच मोजून ठेवते. नवा इंडेक्स टाकण्याआधी आणि टाकल्यावर ते पाहून घ्यावेत.